लुपेने मला ऊब दिली

दोन हजार दोन साली, ऑक्टोबर महिना लागता लागता, सामोआतल्या सवाई बेटावर मी एका लहान मुलीच्या पोटात शिरले आणि मला काहीच दिसेना. मित्रांनो, जिचे सारे आयुष्य पाहण्यात गेले तिच्यावर अशी वेळ यावी! ती कशी आली आणि कशी टळली, तेच आज सांगायला बसले आहे.

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे. मी पेन्सिलीपेक्षा बारीक, दीड वीत लांब, आणि माझे काम लहान मुलांच्या पोटात डोकावण्याचे. पूर्वी पोटातले काही दुरुस्त करायचे तर पोटावर भला मोठा छेद घ्यावा लागे. माझ्यासारख्या दुर्बिणी आल्या आणि चार-पाच बारीक छिद्रांवर काम भागू लागले. एका छिद्रातून मी आत जाते, बाकीच्यांतून लांब दांड्याच्या कात्र्या आणि चिमटे जातात. मी जे पाहते ते पडद्यावर उमटते, आणि त्या पडद्याकडे पाहत डॉक्टर बाहेरून हात चालवतात.

माझा जन्म जर्मनीतल्या एका डोंगराळ गावात झाला. माझ्या पोटात काचेच्या बारीक कांड्या एकीपुढे एक बसवलेल्या आहेत. त्या घासणारी बाई म्हातारी होती आणि फार चोखंदळ होती. कारखान्याच्या खिडकीबाहेर चेस्टनटचे झाड होते. त्याच्या पानांच्या शिरा स्वच्छ दिसल्या तरच ती काच पसंत करी, नाहीतर पुन्हा घासायला घेई. या जगात मी पहिल्यांदा पाहिले ते एक हिरवे पान. पुढे लाल-गुलाबी रंगाचे बरेच काही पाहिले, पण ते पान मी विसरले नाही.

तिथून मला न्यूझीलंडला, ऑकलंडच्या एका लहान मुलांच्या इस्पितळात पाठवले. तिथे तेलेसिया भेटली. ती सामोअन होती, अंगाने भरभक्कम, हाताने हलकी. शस्त्रक्रियेच्या खोलीतली सारी हत्यारे तिच्या ताब्यात असत. मला ती स्वतः धुई, स्वतः पुसे, आणि पुसताना घरचे-दारचे सगळे सांगे. तिच्या नणंदेचे लग्न कसे मोडले आणि पुन्हा कसे जुळले, हे मला त्या इस्पितळात सगळ्यांच्या आधी कळले होते.

तिची एक पद्धत होती. मला पोटात पाठवण्यापूर्वी ती कोमट पाण्याच्या वाडग्यात बुडवून ठेवी. कारण असे की माणसाचे पोट उबदार असते आणि मी पडले पोलादाची, थंड. गार चष्मा घालून कोणी गरम चहाच्या कपात डोकावले तर काय होते? तेच माझे होते. डोळ्यावर वाफ धरते आणि सगळे पांढरे दिसू लागते. म्हणून तेलेसिया एक निळा थर्मास बाळगी. त्यात उकळून शुद्ध केलेले पाणी. ऑकलंडच्या शनिवारच्या बाजारात तसले निळे थर्मास ढिगाने मिळत, आणि तिथले सामोअन लोक ते बेटावरच्या नातेवाइकांना हमखास पाठवत. हे लक्षात ठेवा.

ऑकलंडमध्ये माझे फार कौतुक झाले. शिकाऊ डॉक्टर म्हणत, "काय स्वच्छ दाखवते ही!" मग नव्या दुर्बिणी आल्या, माझ्याहून तल्लख, माझ्याहून महाग. मी खणात गेले. माझ्या अंगावर कोणीतरी टेपचे रीळ ठेवले आणि ते उचलायला कोणी आले नाही. त्या अंधारात मला वाटे, संपले आपले.

एके दिवशी खण उघडला. तेलेसिया होती. मागे डॉक्टर इसाया उभे होते. उंच, रुंद, पंखे जोडल्यासारखे हात.

"सवाईला नव्या दुर्बिणी नेऊ देणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बोटीत आदळतील म्हणतात."

"कोणाला हव्यात त्या?" तेलेसियाने रीळ उचलून फेकले. "माझी म्हातारी आहे ना!"

म्हातारी म्हणाली, पण काय लाडाने म्हणाली!

सवाई बेटावर, डोंगराच्या पायथ्याशी मिशनचे एक छोटे इस्पितळ होते. तिथे आमची मंडळी दोन आठवड्यांसाठी गेली. पत्र्याचे छप्पर, लांबलचक ओसरी, आणि ओसरीवर चटया अंथरून बसलेली अख्खी कुटुंबे. रोगी एक आणि सोबत बाराजण, हे त्या बेटावर सगळ्यांना साहजिक वाटते. तिथेच मी लुपेला पहिल्यांदा पाहिले.

लुपे सात वर्षांची होती. दिसायची पाचाची. तिच्या अन्ननलिकेच्या तळाशी, पोटाच्या तोंडावर, जी गाठीसारखी घट्ट पकड असावी ती तिच्यात जन्मापासून सैल होती. खाल्लेले वर येई, सोबत पोटातले आंबट पाणी येई. घसा जळे. आडवी झाली की ते पाणी श्वासाच्या वाटेला जाई आणि ती रात्र रात्र खोके. दोनदा छातीत कफ भरून मरता मरता वाचली होती. गोड औषधे झाली, कडू औषधे झाली, उशाखाली विटा लावून झाल्या. बिचारीचा आवाजही बसका झाला होता, म्हाताऱ्या बोकडासारखा.

पण लुपेचे दुःख वेगळेच होते. तिकडे ऑक्टोबरात पांढरा रविवार येतो. त्या दिवशी सगळी मुले पांढरे कपडे घालतात, चर्चमध्ये एकेकटी उभी राहून पाठ केलेल्या ओळी म्हणतात, आणि मग घरी मुले आधी जेवतात. एरवी मोठी माणसे आधी आणि मुले वाढणारी. त्या एका दिवशी मोठ्यांनी वाढायचे आणि मुलांनी मांडी ठोकून जेवायचे. आदल्या वर्षी लुपे ओळी म्हणायला उभी राहिली होती. दुसऱ्याच ओळीला खोकला आला, सकाळचे दूध वर आले आणि पांढऱ्या झग्यावर सांडले. ती तशीच बाहेर पळाली. त्यानंतर चारचौघांत ती बोललीच नव्हती. यंदाही ओळी पाठ होत्या, पण त्या ती फक्त घरच्या डुकरांना म्हणून दाखवी.

हे सगळे तिच्या आजीने, आपेरिलाने, डॉक्टरांना सांगितले. मी तेव्हा टेबलावर उघड्या पेटीत होते. पण सांगण्याआधी तिने डॉक्टरांचीच उलटतपासणी घेतली.

"तू कोण?"

"मी डॉक्टर इसाया."

"नाव नाही विचारलं. कुणाचा? गाव कुठलं?"

डॉक्टर ऑकलंडमध्ये वाढलेले. त्यांची सामोअन भाषा अडखळत चाले. त्यांनी आईचे गाव सांगितले, आईचे नाव सांगितले, लेउता.

"तुझी भाषा काय विमानात विसरलास?" आजी म्हणाली. मग एकदम डोळे बारीक केले. "थांब, थांब. लेउता म्हणजे ती चर्चमध्ये बेसूर गाणारी?"

"तीच," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले.

"मग पटलं. हात तिच्यासारखेच आहेत. आणि ही फावडी घेऊन तू माझ्या पोरीच्या पोटात जाणार?"

डॉक्टर हसले. त्यांनी मला उचलून तिच्या पुढे धरले. "हात बाहेर राहतील, आजी. आत फक्त ही जाईल, आणि हिच्याएवढीच दोन-चार हत्यारं."

आजीने मला निरखले. लुपेनेही निरखले आणि बसक्या आवाजात विचारले, "ही मला चावेल?"

"दात कुठायत तिला? म्हातारी आहे ती," तेलेसिया म्हणाली. लुपे खुदकन हसली, आणि लगेच खोकली.

मग डॉक्टरांनी आपला लावालावा दाखवला. तिथले पुरुष कमरेला जे वस्त्र गुंडाळतात ते. "हा सैल झाला की काय करतो आपण? गुंडाळतो आणि खोचतो. लुपेच्या पोटाचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती असाच गुंडाळायचा आणि टाके घालायचे. खाली गेलेलं मग वर येणार नाही."

"फार आवळू नकोस," आजी म्हणाली. "पोरगी जेवली पाहिजे."

"तीच तर सगळी कसरत आहे, आजी. सैल राहिलं तर खोकला, आवळलं तर उपास."

"पांढऱ्या रविवारी उभी राहील?"

डॉक्टरांनी लावालावा पुन्हा खोचला. "राहावी म्हणूनच आलोय," ते म्हणाले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी आजी भल्या पहाटे उठली होती. जो आपल्या माणसासाठी राबणार त्याला उपाशी ठेवायचे नाही, हा त्या लोकांचा धर्मच. तिने कोको भाजला, कांडला, गरम पाण्यात साखर घालून उकळला आणि थर्मासात भरला. थर्मास ऑकलंडच्या भाचीने पाठवलेला. रंग निळा.

मित्रांनो, तुम्ही ओळखले असेलच.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर एक टेबल होते. तेलेसियाचा थर्मास तिथे होता. आजीनेही आपला तिथेच ठेवला आणि बजावले, "काम झालं की सगळ्यांनी प्या." तिथली स्थानिक परिचारिका मोठी सालस होती. तिला वाटले, म्हातारीच्या पोटात सकाळपासून काही नाही, आधी तिला द्यावे. तिने एक थर्मास उचलून ओसरीवर नेऊन दिला. मग ती हात धुऊन आत आली.

आत लुपे औषधाने गाढ झोपली होती. तेलेसिया हातमोजे चढवून उभी होती. ती म्हणाली, "पाणी ओत गं." परिचारिकेने उरलेला थर्मास उघडला आणि माझ्यासमोरच्या स्वच्छ वाडग्यात तपकिरी, दाट, वाफाळता कोको ओतला. सगळ्या खोलीत घमघमाट सुटला. बोटभर अंतरावर होते मी!

"ओत, ओत," डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीला आज गोड खावंसं वाटतंय."

त्याच वेळी ओसरीवरून आजीचा आवाज आला, "हा कसला कोको? नुसतं पाणी! अरे, माझा कोको कुणी पळवला?"

तोवर पाणी गेलेच होते. आजीने चव घेऊन उरलेले अंगणात ओतून दिले होते. नवे पाणी उकळून, निववून आणायचे म्हणजे बराच वेळ. लुपेला तितका वेळ विनाकारण झोपवून ठेवणे कोणालाच बरे वाटेना. वाडगा बदलला, पुसापुशी झाली, आणि मी तशीच, थंडगार, आत गेले.

पांढरे. सगळे पांढरे. पडद्यावर जणू कोणी चादर वाळत घातली होती. मला बाहेर काढून पुसले, पुन्हा आत घातले. पुन्हा तेच. माझी सारी वर्षे, ते कौतुक, ते हिरवे पान, सगळे त्या धुक्यात गेले. मी नुसती लोखंडाची काडी झाले होते. तेलेसियाचा श्वास मला ऐकू येत होता. नवी दुर्बीण असती तर, असे तिच्या मनात आले असेल का?

डॉक्टरांनी हात थांबवले. "कात्री-बित्री काही हलवायची नाही," ते शांतपणे म्हणाले. "दिसत नाही तोवर काही करायचं नाही. पाणी नाही तर नाही. ऊब इथेच आहे."

मग त्यांनी मला आत थोडे पुढे नेले आणि लुपेच्या यकृतावर अलगद टेकवले, आईच्या खांद्यावर बाळाचे डोके टेकवावे तसे. आणि आम्ही थांबलो.

मित्रांनो, मी कित्येक मुलांच्या पोटात जाऊन आले होते, पण तिथे कधी थांबले नव्हते. गेले, पाहिले, निघाले. त्या दिवशी पहिल्यांदा मला लुपेच्या हृदयाचे ठोके जाणवले. तिची ऊब हळूहळू माझ्या पोलादात उतरली, मग काचेत उतरली. मी तिच्याइतकी उबदार झाले आणि डोळ्यावरचे धुके एका कडेने विरघळू लागले. आधी लालसर चकाकी दिसली. मग यकृताची धार. मग तिचे इवले जठर, गुलाबी, पहाटेच्या शिंपल्यासारखे.

"दिसली!" तेलेसिया ओरडली. "शाब्बास, म्हातारे!"

पुढचे काम मी डोळ्याची पापणी न लवता पाहिले, आणि मला पापणी नाहीच म्हणा. अन्ननलिका पोटात उतरते ती सैल वाट डॉक्टरांनी टाके घालून नीट केली. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेमागून ओढून घेतला आणि भोवती गुंडाळला. ते फार आवळले जाऊ नये म्हणून आधीच अन्ननलिकेत एक मऊ नळी सरकवलेली होती. टाका घालताना ते पुटपुटत होते, "पोरगी जेवली पाहिजे, पोरगी जेवली पाहिजे." एवढे मोठे हात, पण आत जे टाके पडले ते चिमणीने घातल्यासारखे.

बाहेर आजी उभीच होती.

"आवळलंस का?"

"नाही आजी. नुसतं खोचलंय."

"माझा कोको प्यालात?"

"दुर्बिणीने प्यायला," डॉक्टर म्हणाले. आजीला ते खरेच वाटले, आणि तिने मला दुसऱ्या दिवशी फूल वाहिले.

सकाळी मला धुताना तेलेसियाने बातमी दिली. लुपे रात्रभर पाठीवर सपाट झोपली होती. उशाखाली वीट नाही, खोकला नाही. आजी मात्र जागीच राहिली, कारण इतकी शांतता तिला ठाऊक नव्हती. ती सारखी नाकाशी बोट धरून बघत होती म्हणे.

पण काळजी संपली नव्हती. काही आठवडे लुपेने पातळ आणि मऊच खायचे होते. पाव नको, मांसाचे तुकडे नकोत, बुडबुड्यांची पेये तर नकोतच, कारण आता ढेकर सहज येणार नव्हता. आणि पांढरा रविवार दहा-बारा दिवसांवर! दुसऱ्या मुलांच्या पानात डुकराचे भाजलेले मांस, आणि लुपेपुढे वाटीभर पेज? तिथे न जेवणारे मूल म्हणजे घराला लागलेले दुखणे. काका-मावशा येऊन "एक तुकडा तर दे, अंगाला लागेल," असे म्हणू लागल्या. सगळ्यांचे प्रेम खरे होते, म्हणून तर ते धोक्याचे होते.

"एक तुकडा दिलात तर तोच तुकडा तुमच्या घशात घालीन," आजी म्हणाली. तिने मनाशी काहीतरी ठरवले होते.

रविवारी सगळे इस्पितळ चर्चला निघाले. आमच्या खोलीचे कुलूप मोडके, म्हणून तेलेसियाने माझी पेटी टोपलीत घालून सोबत घेतली आणि बाकाखाली ठेवली. त्यामुळे पांढऱ्या रविवारचे पांढरे काही मला दिसले नाही. मी नुसते ऐकले. एकामागून एक मुले उठत, घडाघडा ओळी म्हणत, बसत. माझ्या वर विणलेला पंखा हलत होता, तो आजीचा. मग लुपेचे नाव आले आणि पंखा थांबला.

आवाज अजून बसकाच होता. पण पहिली ओळ पुरी झाली. दुसरी पुरी झाली. मग सारे गप्प.

मित्रांनो, तशी शांतता मी शस्त्रक्रियेच्या खोलीतही ऐकलेली नाही. आता खोकला येणार. आता ती पळणार. तेलेसियाच्या टाचेने टोपली घट्ट दाबून धरली.

"विसरले!" लुपे मोठ्याने म्हणाली.

क्षणभर कोणाला कळेना. मग सगळे चर्च हसायला लागले. इतकी वर्षे खोकल्याने थांबणारी पोर आज नुसती विसरली होती, दुसऱ्या कुठल्याही पोरासारखी! आजीने बसल्या जागेवरून तिसरी ओळ खणखणीत आवाजात सांगितली, लुपेने ती पुरी केली, आणि वर म्हणाली, "मला येतच होती."

दुपारी लुपेच्या घरी मुले जेवायला बसली. माझी पेटी बंदच, खिडकीत ठेवली होती. आजीने जाहीर केले, "आज पहिली वाढ खिरीची. सगळ्यांना!" पिकल्या केळ्यांची, साबुदाणा आणि नारळाचे दूध घातलेली खीर. पातेलेच्या पातेले भरून. एरवी ती शेवटी मिळते, वाटीभर मिळते आणि मोठ्यांना आधी मिळते. मुलांनी एकच गिल्ला केला. मांस कोणी मागेना. लुपेने दोन वाट्या संपवल्या आणि सगळ्यांकडे विजयाने पाहिले असावे, कारण तेलेसिया म्हणाली, "अगं, बघ तरी हिचं तोंड!"

डॉक्टर इसाया वाढत होते. "मला?" त्यांनी विचारले.

"तू मोठा आहेस," लुपे म्हणाली. "थांब."

परतीच्या वेळी तेलेसियाने ऑकलंडला विचारून मला सवाईवरच ठेवले. पुढे कित्येक वर्षे मी त्या इस्पितळात राबले. मग एका घाईच्या दिवशी कोणीतरी मला जड कात्र्यांच्या तबकात टाकले. माझ्या काचेला तडा गेला. पुन्हा एक खण, पुन्हा अंधार, या वेळी सोबतीला फाटके हातमोजे. शेवटी परिचारिकांना शिकवण्याच्या वर्गात माझी रवानगी झाली. आता शाळेची मुले येतात, मला डोळ्याला लावून खिडकीबाहेर पाहतात. त्यांना एका कडेला काळी चंद्रकोर दिसते, आणि बाकी सगळे हिरवे.

आपेरिला आजी म्हातारपणी, दुपारच्या झोपेतच गेली. तिने आपल्या थर्मासाला लाल चिंधी बांधली होती. तो इस्पितळाच्या स्वयंपाकघरात अजून आहे आणि त्यात अजून फक्त कोकोच भरतात. तेलेसिया ऑकलंडमध्ये निवृत्त झाली, परसात अळू लावते. डॉक्टर इसाया अजून दरवर्षी येतात. त्यांची भाषा सुधारली आहे. गाणे मात्र आईच्याच वळणावर गेले आहे.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे. काचेच्या वस्तू जड वस्तूंखाली टाकू नका, आणि म्हातारे झालेले हत्यार फेकण्याआधी त्यातून एकदा पाहा. तुमच्या छातीत वरचेवर जळत असेल, खाल्लेले वर येत असेल, तर लाजू नका, घरी सांगा. आणि कोणाच्या आतले समजून घ्यायचे असेल तर थंडपणे डोकावू नका. थोडे थांबा, त्याच्याइतके उबदार व्हा. मग दिसते.

आणि लुपे? ती आपियाच्या, म्हणजे राजधानीच्या, रेडिओवर बोलते. बोटींच्या वेळा, वादळाचे इशारे, लग्ने, मृत्यू, सगळे तीच सांगते. आमच्या वर्गातला रेडिओ सकाळी लागतो. आवाजात किंचित खरखर राहिली आहे, पण बेटावर तोच आवाज सगळ्यांना ओळखीचा वाटतो. काल बातम्या वाचता वाचता ती मध्येच थांबली. माझ्या काचेत धस्स झाले.

"पान कुठं गेलं?" ती म्हणाली, आणि हसली, आणि पुढे वाचू लागली.